शिलाई मशीनवर सुप्रीम कोर्टाचा राग नाही

‘सावधान! सुप्रीम कोर्टाचा आदेश आला आहे. राहत्या घरात कुठलाही धंदा करणाऱ्यांची घरं सील होणार!’ अशी सुरुवात असलेला सात मुद्द्यांचा मेसेज तुमच्याही सोसायटीच्या ग्रुपवर येऊन गेला असेल. खाली नेहमीप्रमाणे ‘जनहितार्थ, पुढे पाठवा’. नाशिकला राहणाऱ्या माझ्या आतेबहिणीला तो तिच्या जावेनं पाठवला आणि हिनं ऐन लग्नसराईत ब्लाउजची नवी कामं घेणंच थांबवलं. मग मला फोन: ‘ताई, मशीन उचलून नेतील का गं?’ मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात महापालिकेच्या परवानग्यांची कागदपत्रं बघते, त्यामुळे नात्यातले असले फोन माझ्याकडेच येतात. एकेकीला तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून लिहून काढते आहे.

मेसेजातला पहिला मुद्दा: सुप्रीम कोर्टानं घरगुती व्यवसायावर देशभर बंदी घातली. खटल्याचं नाव नाही, तारीख नाही. तरी हे पिल्लू कुठून सुटलं असावं, ते मला दिसतंय. 17 डिसेंबर 2024 ला न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांनी राजेंद्र कुमार बडजात्या विरुद्ध उत्तर प्रदेश आवास एवं विकास परिषद या खटल्याचा निकाल दिला. प्रकरण मेरठच्या शास्त्रीनगरचं. निवासी भूखंडावर परवानगी न घेता दुकानांची इमारत उभी राहिली होती, आणि ती पाडण्याचा आदेश कोर्टानं कायम ठेवला. सोबत सगळ्या राज्यांना सूचना दिल्या: भोगवटा प्रमाणपत्राशिवाय (म्हणजे इमारत वापरायला हरकत नाही, या दाखल्याशिवाय) ताबा देऊ नये, वीज-पाण्याची जोडणीही ते पाहूनच द्यावी, आणि अनधिकृत इमारतीत, मग ती निवासी असो की व्यापारी, कुठल्याही व्यवसायाला परवाना देऊ नये. मेसेज बनवणाऱ्यानं यातलं ‘निवासी’, ‘व्यवसाय’ आणि ‘परवाना नाही’ एवढं ठेवलं आणि इमारत अनधिकृत असण्याची अट गाळून टाकली. राहिलं ते लोकांना घाबरवायला पुरेसं आहे.

तुमच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नसेल, किंवा वरचे दोन मजले नकाशाबाहेरचे असतील, तर मात्र हा निकाल तुमच्याबद्दल बोलतो. पण मग प्रश्न इमारतीचा आहे. खिडकीजवळच्या मशीनचा नाही. सीलिंगचं म्हणाल तर ती आठवण दिल्लीची. 2006 मध्ये एम. सी. मेहता प्रकरणातल्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर तिथं रहिवासी भागातली दुकानं आणि शोरूम सील झाले. 2007 मध्ये आलेल्या दिल्लीच्या मास्टर प्लॅनमध्ये मिश्र वापराचे आणि घरातून चालणाऱ्या कामांचे नियम घातले गेले. ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

दुसरा मुद्दा म्हणे ‘निवासी झोनमध्ये फक्त राहता येतं’. हे लिहिणाऱ्यानं महाराष्ट्राची नियमावली उघडूनही पाहिलेली नाही. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं वगळता राज्यभर डिसेंबर 2020 पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, आम्ही तिला नुसतं युडीसीपीआर म्हणतो. निवासी विभागात काय चालतं याची त्यात यादी आहे आणि घरच्या माणसांनी घरात करायचे पारंपरिक व्यवसाय त्या यादीत आहेत. शिलाई आणि भरतकाम ही तर त्यातली नेहमीची उदाहरणं. म्हणजे ज्या कामाची भीती घातली जातेय, तेच काम नियमानं चालतं.

आता अटी, कारण त्या आहेत आणि त्या लपवून मी काही मेसेजवाल्यांची बरोबरी करणार नाही. काम घरच्यांनीच करायचं, पगारी माणूस ठेवायचा नाही. बाहेरून बघणाऱ्याला हे घर सोडून दुसरं काही आहे असं वाटेल अशी पाटी किंवा मांडणी नको. घरात जे तयार होतं तेच विकायचं. शेजाऱ्यांना धोका होईल असं काही नको. यंत्र चालवायचं तर एकूण भार 0.75 किलोवॅटच्या आत, म्हणजे साधारण एक हॉर्सपॉवर. माझ्या बहिणीच्या मशीनची मोटर अर्ध्या हॉर्सपॉवरची आहे, ती दुसरी तशीच घेतली तरी कशीबशी बसेल. पण तिनं उद्या दोन मुली पगारावर ठेवल्या आणि गॅलरीला ‘लेडीज टेलर’ असा फ्लेक्स लावला, तर ती या सवलतीतून बाहेर पडली. तेव्हा तिनं गाळा बघावा, मीही तिची बाजू घेणार नाही. सुरतेहून साड्यांचे गठ्ठे आणून हॉलमध्ये विकणाऱ्यांनाही हा नियम नीटसा पुरत नाही, कारण त्या साड्या घरात तयार झालेल्या नसतात. हे लिहिताना आमच्या ओळखीतल्या अर्ध्या बायका माझ्यावर चिडणार, पण नियम तसा आहे. मुंबईवाल्यांनी आपली वेगळी नियमावली पाहावी, ती 2034 च्या विकास आराखड्याबरोबरची.

तिसऱ्या मुद्द्यावर माझं डोकं खरोखर फिरलं. ‘सोसायटीची कमिटी अशा सभासदाचं पाणी तोडू शकते आणि सभासदत्व रद्द करू शकते.’ हे वाचून एखादा उत्साही सेक्रेटरी उद्या प्लंबरला घेऊन गच्चीवर जाईल, आणि जातातही. कमिटी म्हणजे कोर्ट नव्हे. धंदा करतो म्हणून सभासदाचं पाणी बंद करण्याचा अधिकार कमिटीला कुठल्याही आदर्श उपविधीनं, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमानं, दिलेला नाही. सभासदाला काढून टाकायचं तर 1960 च्या सहकारी संस्था कायद्याचं कलम 35 आहे: त्यासाठी बोलावलेली सर्वसाधारण सभा हवी, हजर आणि मतदानाचा हक्क असलेल्या सभासदांपैकी तीन चतुर्थांश बाजूनं हवेत, ज्याला काढायचं त्याला बाजू मांडू द्यायला हवी, आणि एवढं करूनही सहकारी संस्थांच्या निबंधकांची मंजुरी मिळाल्याशिवाय तो ठराव लागू होत नाही. चार टाळकी पार्किंगमध्ये उभी राहून ‘तुझं सभासदत्व गेलं’ म्हणाली, तर ते फक्त चार टाळक्यांचं मत.

सोसायटीच्या हातात काहीच नाही, असंही नाही. सदनिका ज्या कारणासाठी दिली त्याच कारणासाठी वापरावी आणि इतरांना उपद्रव होईल असं काही करू नये, हे उपविधींत आहेच. रात्री अकरा वाजता मशीनचा खडखडाट खालच्या मजल्यावर घुमत असेल किंवा गिऱ्हाइकांच्या गाड्या दुसऱ्याच्या जागेवर लागत असतील, तर नोटीस यायलाच हवी. नोटीस आली की कुठल्या उपविधीखाली, ते लेखी मागा. तोंडी दमदाटीला लेखी उत्तर देत बसू नका.

घरात काम केलं की विजेचा मीटर व्यापारी दरावर जातो आणि मालमत्ता करही वाढतो, हा चौथा मुद्दा अर्धा खरा आहे. घरातून काही करताय म्हणजे लगेच व्यापारी दर, असं मात्र नाही. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या महावितरणसाठीच्या दर आदेशांत घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्यांना घरगुती दरच ठेवला आहे. अट अशी की वापर महिन्याला 300 युनिटच्या आत आणि मागच्या आर्थिक वर्षात 3,600 युनिटच्या आत हवा. वकील, डॉक्टर, सीए यांच्या घरातल्या कामाचाही तिथं वेगळा उल्लेख आहे. वर्षाचा आकडा ओलांडला तर दर बदलतो, तोही आधी कळवून. मालमत्ता करात मात्र महापालिका घराचा काही भाग बिगरनिवासी धरू शकते, तिथं मेसेज अगदीच खोटा नाही.

गुमास्ता लायसन्स, म्हणजे दुकान-आस्थापनेची नोंदणी, काढावीच लागते असं जे लिहिलंय ते जुनं आहे. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांच्या नोंदणीची कटकट काढून फक्त ऑनलाइन सूचना ठेवली.

आणि ‘तक्रार करणाऱ्याला दंडाच्या 10 टक्के बक्षीस’! नगररचना कायदा, म्हणजे 1966 चा एमआरटीपी, त्यात नोटीस आहे, वापर थांबवण्याचा आदेश आहे, दंड आणि खटला आहे. शेजाऱ्याचं कमिशन नाही. हे वाक्य कुणी घातलं असेल त्याला इमारतीतली माणसं चांगली ठाऊक आहेत. सगळ्यात जास्त फॉरवर्ड बहुधा याच ओळीसाठी झाले असावेत.

शेवटचा मुद्दा डबे आणि फराळ करणाऱ्यांचा, आणि इथं मला मेसेजवाल्याला थोडं श्रेय देणं भाग आहे. खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागतेच, घरातून विका की दुकानातून. छोट्या उत्पादकांसाठी ती ऑनलाइन होते आणि वर्षाची फी 100 रुपये आहे, तेव्हा न करण्याला सबब नाही. दुसरं, घरगुती 14.2 किलोच्या सिलिंडरवर विकण्यासाठीचा स्वयंपाक करता येत नाही, तो फक्त घरच्या चुलीसाठी आहे. विक्रीसाठी 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यायचा. निम्म्या डबेवाल्या मैत्रिणी इथं गप्प होतील. आणि ते मोठे सिलिंडर चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात रांगेनं ठेवले आणि सोसायटीनं हरकत घेतली, तर मी सोसायटीच्याच बाजूनं आहे.