कमी कटकट? छे!
‘ससा म्हणजे कुत्र्यापेक्षा कमी कटकट’ हे पाळीव प्राण्यांवरच्या एका लेखातलं वाक्य वाचून हसूच आलं. आमचा ससोबा ७ वर्षांचा आहे. नीट सांभाळला तर ८ ते १२ वर्षं जगतो हा प्राणी. गाजर फक्त खाऊपुरतं. दात आयुष्यभर वाढतात, ते झिजायला दिवसभर सुकं गवतच लागतं. (आमच्याकडे चार्जरच्या ३ वायरीही त्यात कामी आल्या!) एकदा सकाळी गवत तसंच पडलेलं, लेंड्या नाहीत, हा कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. संध्याकाळपर्यंत वाट बघणार होतो. डॉक्टर म्हणाले, आत्ताच आणा, आतडी थांबली तर दिवसभरातही जीव जाऊ शकतो. आणि मुलांनी सारखं उचललेलं त्याला अजिबात खपत नाही.