काटकसर, जुगाड आणि कूलरची वायर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप मुद्द्याला धरून आहे, म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं: काटकसर, कंजुषी, जुगाड, कामचलाऊ हे सगळं शेवटी पैसे वाचवणंच, कुठला शब्द लागणार हे माणसाच्या खिशावर ठरतं. श्रीमंतानं केलं की साधेपणा, गरिबानं केलं की कंजुषी. कूलरच्या ताट्या (बाजूच्या गवताच्या जाळ्या) घरी भरणं, त्याच्या टाकीच्या भोकाला एम-सील (दोन भाग मळून लावायचा, वाळून कडक होणारा लगदा) लावणं आणि पंपाला जुनी वायर जोडणं, या तिन्हींत तुम्हाला फरक दिसत नाही.

आधी खिशाचं बघू. ज्याच्याकडे नाहीच, त्याला मराठीत कोणी कंजूष म्हणत नाही. चिक्कू, कवडीचुंबक हे शब्द असून न देणाऱ्यासाठी राखलेले आहेत. नसणाऱ्याची ओढाताण होते, तो पोटाला चिमटा घेतो, दिवस काढतो. काटकसर करायलासुद्धा हातात थोडं असावं लागतं, कारण तिच्यात कुठं खर्च करायचा नि कुठं नाही हे ठरवण्याची मुभा आहे. म्हणजे खिशाचा फरक भाषेनं आधीच केलेला आहे. त्यापुढचे शब्द काम कसं झालं ते सांगतात.

क्रियापदं तर याहून नेमकी. पाचशे रुपयांत काम 'बसवलं' म्हटलं की त्यात हिशेबाचं कौतुक आहे. 'भागवलं' म्हटलं की गरज मोठी होती, ती ओढून लहान केली. 'उरकलं'मध्ये घाई आली. 'गुंडाळलं' म्हटलं की काहीतरी झाकलंय, हे ऐकणाऱ्याला न सांगता कळतं. पाचशे तेच, आणि हे चारही शब्द गरीब-श्रीमंत दोघांच्या कामाला लागतात.

आता तुमची तीन उदाहरणं. ताट्या घरी भरणं ही निखळ काटकसर, कारण पैसे वाचतात आणि काम तसूभरही कमी होत नाही. अट एकच, नीट भरायच्या. जुनं गवत पूर्ण काढायचं, जाळीवरचा क्षार खरवडायचा. नवं गवत मोकळं करून सारख्या जाडीनं पसरायचं, वरच्या चार बोटांत थोडं दाबून. ओलं झालं की गवत खाली बसतं आणि वर फट पडते. मग नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, ४५ अंशांची कोरडी हवा त्या फटीतून तशीच आत येते. फार ठासून भरलं तर पंख्याला हवाच मिळत नाही. वरच्या पन्हळीची भोकं खराट्याच्या काडीनं मोकळी करायची, नुसता पंप पंधरा मिनिटं चालवायचा आणि ताटी उजेडात बघायची. कोरडा पट्टा दिसला तर वरचं भोक बुजलेलं असतं. गवत न मिळाल्यामुळे ओला बारदाना बांधला तर तो जुगाड. एक-दोन रात्री निभतात, पुढं वास मारतो आणि हवा अडते. त्यात कमीपणा काही नाही, पण जुगाडाला मुदत असते. ती उलटून गेली तरी तोच बारदाना लटकत असेल, तर त्याला वेळ मारून नेणं म्हणतात.

एम-सीलचं उत्तर पत्र्यावर अवलंबून आहे. भोकाभोवती पेचकसानं दाबून बघा. पत्रा कडक लागला तर ही डागडुजी: गंज पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासायचा, टाकी पूर्ण कोरडी करायची, दोन्ही भाग सारखे घेऊन रंग एक होईपर्यंत मळायचे, भोकापेक्षा बोटभर जास्त पसरवायचं आणि रात्रभर पाणी भरायचं नाही. पत्रा पेचकसाखाली दबला, तर तेच एम-सील मलमपट्टी ठरतं. भोक बुजेल, पण शेजारी दुसरं पडेल, कारण आतून गंज चालूच असतो. तिथं नवा तळ मारून घेणं आज महाग वाटलं, तरी किफायतशीर तेच.

वायरीच्या बाबतीत मात्र मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. घरात पडलेली दोन तारांची वायर पंपाला जोडून टाकीत टेप गुंडाळणं, आणि अर्थिंगची, म्हणजे गळालेला करंट जमिनीत नेणारी, तिसरी तार सोडून देणं, याला मी जिवाशी खेळच म्हणेन, करणारा कोणीही असो. खर्च इथं वाचत नाही, तो धोका होऊन घरातल्या दुसऱ्याच्या अंगावर जातो. टेप पाण्यात सुटते आणि लोखंडी बॉडीत करंट उतरतो. अर्थिंग नसेल तर त्या करंटला वाट मिळते ती ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसाची. एवढ्याशा करंटला साधा एमसीबी (बोर्डातलं आपोआप पडणारं बटण) पडत नाही, कारण तो जास्त भार किंवा शॉर्ट सर्किटसाठी असतो. कूलरच्या करंटनं माणसं गेल्याच्या बातम्या विदर्भात उन्हाळ्यात येतातच. ते वाचूनही याला जुगाड म्हणणं मला पटत नाही.

पैसे कमी असतील तर क्रम असा लावा. सगळ्यात आधी तीन तारांची अखंड वायर, जोड टाकीच्या बाहेर आणि पाण्याच्या वर. अर्थिंगची तार बॉडीला नटबोल्टनं कसायची, पण त्या जागचा रंग खरवडून, कारण रंगातून करंट जात नाही. प्लग तीन पिनांचा आणि घराचं अर्थिंग चालू आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यायचं. मग जमेल तेव्हा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारं बटण. ताट्या, रंगरंगोटी, नवा तळ हे सगळं त्यानंतर. आणि पाणी भरताना, ताटी काढताना प्लग बाहेर. नुसतं बटण बंद करून भागवू नका.