सागवानाच्या भावात पांढरं लाकूड विकलं, तेही वरून तपकिरी रंग फासून

आज सकाळी रांगोळी काढायला उंबऱ्याशी बसले तर काल पुसलेल्या उंबऱ्यावर पिवळट पिठाची छोटीशी ढिगली. आधी वाटलं कालची रांगोळीच राहिली असेल, चिमटीत घेतली तर मैद्यासारखी मऊ. वर बघितलं. मुख्य दाराच्या डाव्या बाहीला, म्हणजे चौकटीच्या उभ्या लाकडाला, कडीच्या हातभर खाली, टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. मोजली, सतरा. बोटाने टकटक केलं तर दोन भोकांतून परत पीठ झरलं माझ्या डोळ्यांसमोर, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. जानेवारीत बसवलेली चौकट आहे ही!! आठ महिने झाले नाहीत अजून. घनफुटाला ३२०० रुपये मोजलेत, वर १८ टक्के जीएसटी, वर ट्रकभाडं, वर उतरवणाऱ्यांचे पैसे. आणि नाव काय तर इंपोर्टेड सागवान.

मग मी जे करायला डिसेंबरात हवं होतं ते आज केलं. नव्या ब्लेडने भोकांच्या बाजूचं पॉलिश खरवडलं. पॉलिशखाली तपकिरी रंग निघाला. लाकडाचा नाही, फासलेला रंग, बोटाला लागला. तो खरवडला तर खाली पांढरंफटक लाकूड, पेंढ्यासारखं, म्हणजे खोडाच्या पक्क्या गाभ्याबाहेरचं कच्चं कडं. उजव्या बाहीवर तसंच खरवडलं तर तिथे खाली नीट मधाच्या रंगाचा गाभा. म्हणजे डाव्या बाहीच्या पाच इंचांत जवळजवळ दोन इंच सरळ खालपासून वरपर्यंत पांढरं होतं आणि ते कुणीतरी वखारीत बसून, वेळ काढून, ब्रशने रंगवलं होतं. चुकून राहिलं असतं तर मी समजून घेतलं असतं. पण रंग चुकून लागत नाही. ज्याने तो मारला त्याला पक्कं माहीत होतं की हे पांढरं आहे, हे गिऱ्हाइकाने बघितलं तर घेणार नाही, आणि याला किडा लागणार आहे. हे सगळं माहीत असूनच ब्रश हातात घेतला ना त्याने?

दहा वाजता वखार उघडल्या उघडल्या फोन लावला. शेठ आधी ओळख दाखवेनात. बिल नंबर सांगितला तेव्हा म्हणे, "मॅडम, घाना टीक आहे ते, थोडं पांढरं असणारच."

म्हटलं थोडं नाही, दोन इंच आहे, आणि पांढरं होतं तर रंग का मारलात?

"रंग नाही मॅडम, टोन मॅचिंग करतो आम्ही. सगळेच करतात."

टोन मॅचिंग. शब्द ऐका फक्त.

म्हटलं किडा लागलाय त्याचं काय. तर म्हणे माल फ्युमिगेशन होऊन येतो, सर्टिफिकेट आहे आमच्याकडे, किडा तुमच्या घरातला असेल. अहो, फ्युमिगेशनचा तो विषारी वायू, मिथाइल ब्रोमाइड, त्या दिवशी ओंडक्यात जे जिवंत आहे ते मारतो आणि उडून जातो, लाकडात काही मागे राहत नाही. नंतर सहा-सहा महिने तुमच्या शेडमध्ये जुन्या पोखरलेल्या मालाला टेकून लाकूड उभं असतं तेव्हा त्याच्या छिद्रांत भुंगेरा अंडी घालतो की नाही? आणि घालतो तो नेमका पांढऱ्यातच, कारण पिष्ट, त्याचं खाणं, तिथे असतं. गाभ्याला तो तोंड लावत नाही. हे मी कुठल्या कॉलेजात शिकले नाही, माझ्या दारावर लिहिलंय, सतराच्या सतरा भोकं पांढऱ्या पट्टीत आहेत, रेघ आखल्यासारखी, गाभ्यात एक नाही!

शेवटी शेठ काय म्हणाले? "साहेबांना फोन करायला सांगा, त्यांच्याशी बोलतो."

हे डिसेंबरपासून माझ्या डोक्यात जातंय. वखारीत चार वेळा मी गेले, ओंडके मी बघितले, पैसे माझ्या खात्यातून गेले, बिल माझ्या नावावर आहे, आणि नवरा सोबत असला की खुर्ची नवऱ्याला, चहा नवऱ्याला, भाव नवऱ्याला. ते पुण्याला असतात, घराचं काम मी बघते, हे तीनदा सांगून झालं. मी विचारलं ओलावा किती आहे तर उत्तर नवऱ्याकडे बघून, "सुकलेलं आहे हो साहेब, एकदम मुरलेलं," आणि लाकडावर एक थाप. थाप मारल्याने काय कळतं कुणाला? भाचा सिव्हिल इंजिनिअरिंगला आहे, त्याच्याकडून ओलावा मोजायचं दोन सुयांचं मीटर आणलं होतं मी, ते टोचलं तर २२ टक्के दाखवलं. बारा-चौदाच्या वर असेल तर घेऊ नको असं त्याने बजावलं होतं. तर म्हणाले हे चायनाचं मीटर, खोटं दाखवतं, आम्ही तीस वर्षं हाताने ओळखतो. आणि मी गप्प बसले कारण सुतारकाकांची तारीख ठरलेली, गवंडी खोळंबलेले, अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत धरलेली. मे महिन्यात मागच्या खोलीच्या दाराची झडप आक्रसून कवाड आणि चौकटीत बोट जाईल एवढी फट पडली आणि जुलैत तीच झडप फुगून खांद्याने ढकलावी लागते. हाताने ओळखलेलं लाकूड ते हे!

आणि माप. मापाचं तर बोलायलाच नको पण बोलतेच. पाच बाय तीन इंचांची चौकट म्हणून बिल लावतात. दोन बाह्या सात-सात फुटांच्या, वरची गणेशपट्टी आणि खालचा उंबरा साडेतीन-साडेतीन, म्हणजे एकवीस फूट, पाच गुणिले तीन गुणिले एकवीस भागिले १४४, झाले २.१९ घनफूट. घरी आल्यावर टेप लावा. पावणेपाच बाय पावणेतीन. अजून रंधा मारायचाय बरं का, हे रंध्याच्या आधीचं माप. विचारलं तर "करवतीत जातं मॅडम." करवतीत जातं ते माझं कसं गेलं? भुसा तुमच्या शेडमध्ये पडला, पोत्यात भरून विकलाही असेल तुम्ही. एका चौकटीमागे पाव घनफुटाच्या वर जातं, म्हणजे ९०० रुपये, आणि माझ्या नऊ चौकटी आहेत. आठ हजार रुपये मी न मिळालेल्या लाकडाचे दिले आणि वर जे मिळालं त्यातलं कितीतरी पांढरं, तेही गाभ्याच्या भावात.

ब्रह्मदेशच्या थिबा राजाची गोष्ट आठवते मला अशा वेळी. आम्ही रत्नागिरीकडचे, लहानपणी प्रत्येक पाहुण्याला थिबा पॅलेस दाखवायला न्यायचो. १८८५ ला त्याच्या दरबाराने इंग्रजांच्या बॉम्बे बर्मा कंपनीला तेवीस लाखांचा दंड ठोकला, का तर सागाचे ओंडके तोडले जास्त आणि दाखवले कमी. त्याचं निमित्त करून इंग्रजांनी लढाई केली, त्याचं राज्य घेतलं आणि त्याला इथे आणून टाकलं, १९१६ ला तो इथेच गेला. सागाच्या मोजणीवरून राजाचं राज्य गेलं तिथे माझ्या पाव घनफुटाला कोण विचारतो. पण त्या पॅलेसमधलं बर्मा टीक बघा जाऊन. १९१० चं बांधकाम आहे, शंभरावर पावसाळे काढलेत, तेही समुद्राच्या खाऱ्या हवेत.

त्या नावावरच तर दुकानं चालतात अजून. दर दुसरा वखारवाला ओंडक्यावर हात ठेवून सांगतो "बर्मा आहे." म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडके बाहेर पाठवणंच बंद केलंय, जे काय अधिकृत येतं ते कापलेलं येतं आणि त्याचा भाव ऐकून आपण खाली बसतो. मग तुझ्या अंगणात हे सालीसकट ओंडके कुठून आले रे बाबा? आले घानाहून, बेनिनहून, टांझानियाहून, इक्वेडोरहून, कोस्टा रिकाहून. कांडल्याला उतरतात, गांधीधामला कापतात, तिथून ट्रकने आपल्याकडे. वाईट असतं असं मी म्हणत नाही. पण लागवडीची झाडं ती, बरीचशी वीस-पंचवीस वर्षांत कापलेली, घेर बारीक, त्यामुळे बाहेरचं पांढरं कडं जास्त. हे सांगा ना सरळ! सांगा की ताई, हे घानाचं आहे, यात एवढं पांढरं निघेल, पांढरं नको असेल तर भाव एवढा, चालत असेल तर एवढा कमी, आणि पांढऱ्याला बसवायच्या आधी बोरॅक्स-बोरिकचं पाणी पाजून घ्या. मी घेतलं असतं. आतल्या खोल्यांना चाललं असतं मला. आता पॉलिशवरून काय पाजू, थेंब आत जात नाही. म्हणजे लपवल्यामुळे माझा उपायसुद्धा गेला, राग मला ह्याचा सगळ्यात जास्त आहे.

आणि कुणी म्हणेल की गावचं लाकूड का नाही घेतलं. घ्यायचंच होतं! आमच्या परड्यात दोन साग आहेत, बाबांनी लावलेले, पोटरीएवढी रोपं असल्यापासून मी बघितलेत, आता कवेत मावत नाहीत. तोडायची परवानगी काढायला गेले तर आधी सातबाऱ्यावर झाडांची नोंद नाही, मग नोंदीसाठी तलाठी, मग पंचनामा, मग सहहिस्सेदारांची संमती, चुलत्यांतले एक मुंबईला, एक सुरतेला, मग तोडल्यावर आरागिरणीपर्यंत न्यायला वाहतुकीचा पास वेगळा. कायदा असावा, नाहीतर एक डोंगर शिल्लक राहणार नाही हे मलाही कळतं. पण सहा महिने खेटे घालून कागद ज्या टेबलावर होता त्याच टेबलावर. घानाचं झाड समुद्र ओलांडून माझ्या दारात आलं आणि परड्यातलं झाड पन्नास पावलं चालून येऊ शकलं नाही.

आजोबांचं लाकडाचं काम मला पुसटसं आठवतं. ऐन, किंजळ, फणस. पाऊस संपून लाकूड तोडायचे तेही वद्य पक्ष बघून, आणि ओंडके पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, दगड ठेवून बुडवून ठेवायचे, महिनोन् महिने. घाण वास यायचा त्या पाण्याला. आम्हाला वाटायचं लाकूड कुजवतायत. ते पिष्ट धुवून काढत होते, किड्याचं खाणंच काढून घेत होते त्यातलं. आणि मग दोन वर्षं माळ्यावर सावलीत सुकायला. दर उन्हाळ्यात काजूच्या टरफलांचं तेल, काळं, हाताला लागलं तर कातडी सोलणारं, ते तुळयांच्या टोकांना आणि भिंतीत जाणाऱ्या भागाला. जुनं घर उतरवलं तेव्हा भिंतीत गेलेली टोकंसुद्धा शाबूत निघाली, कुदळ मारली तर टणकन आवाज यायचा. आणि आमच्या नव्या चौकटी गवंड्याने मागून काही न लावता थेट ओल्या सिमेंटला टेकवून बसवल्या. मी चहा करायला आत गेले तेवढ्यात. बाहेर आले तर तीन बसवून झाल्या होत्या, "वैनी, काय होत नाय." काय होत नाय हे वाक्य मी या वर्षात इतक्यांदा ऐकलंय की कुणी म्हटलं की पोटात गोळाच येतो.

पॉलिशवाल्याचं पण तेच. बाहेरच्या दाराला आतलंच पॉलिश मारून गेला, पहिल्या पावसात खालचा वीतभर भाग पांढरट पडून पापुद्रे सुटले. शेजारच्यांनी मेरबाऊ नावाचं लाकूड घेतलं, त्यांना कुणी सांगितलं नाही की ते पावसात रंग सोडतं, त्यांच्या पांढऱ्या भिंतीवर खिडक्यांखाली लालसर-तपकिरी ओघळ आलेत, काकू रोज ब्रशने घासतात. त्यांनाही म्हणाले असतील काय होत नाय.

नवऱ्याला फोटो पाठवले. ते म्हणाले तुला तेव्हाच म्हटलं होतं ग्रॅनाइटची चौकट करू. नणंद म्हणाली फायबरचं दार लावा, कटकट नको. नको मला! मला लाकडाचंच दार हवं होतं. बाबांना सकाळी दाराला टेकून पेपर वाचायची सवय होती, जुन्या चौकटीचा तो भाग त्यांच्या खांद्याने गुळगुळीत झाला होता, तेवढ्यापुरती चकाकी होती त्याला. दगडाला कोण टेकतं. गेल्या वर्षी ती चौकट उतरवताना मी तो भाग कापून ठेवायला सांगितला होता, तर कामगारांनी तीच पेटवून पाणी तापवलं.

दुपारी सुतारकाका येऊन बघून गेले. त्यांनी पटाशीने एका भोकापाशी जरा उकरलं तर आत नुसतं पीठ, वरचं कवच कागदाएवढं. वाकून बघत राहिले बराच वेळ. म्हणाले, "वैनी, रंधा मारताना मला कळाया हवा होता. रंग आतपर्यंत मुरवलानी त्यानी." त्यांच्यावर मी चिडणार होते पण त्यांचा चेहरा बघून बोललेच नाही काही. पंचाहत्तरीला आलेत, नजर कमी झालीये, आणि माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त लागलं ते.

गणपती याच दारातून आत यायचेत. सोमवारी काका डावी बाही कापून काढणार आहेत. गोठ्यावरचा ऐनाचा एक वासा मी विकला नव्हता, चाळीस वर्षांपूर्वीचा आहे, खिळा वाकतो पण आत जात नाही असा, त्यातून सात फूट सरळ निघतंय का ते बघायचंय. आणि कापलेली बाही, पिठासकट, तो फासलेला रंग दिसेल अशी, रिक्षात घालून मंगळवारी वखारीत नेणार आहे. शेठच्या टेबलावर ठेवणार आहे, गिऱ्हाइकं असतील तेव्हाच. साहेब येणार नाहीत, मीच येणार आहे.