दगडावरचं वय वाचताना

सैनिकी स्मशानभूमीत फोटो काढण्याआधी जरा शांत उभं राहा असं एका लेखात वाचलं, ते अगदी पटलं. मी बेल्जियममधल्या टाइन कॉट या सैनिकी स्मशानभूमीत गेलो होतो, पहिल्या महायुद्धातले जवळपास १२,००० सैनिक पुरलेले आहेत तिथे आणि त्यातल्या ८,३०० हून जास्त जणांची ओळखच पटलेली नाही, रांगाच्या रांगा नुसत्या. अधिकारी असो की साधा शिपाई, कबरीवरचा दगड सगळ्यांना सारखाच, हे मला फार मोठं वाटतं. खाली घरच्यांना आपली एक ओळ कोरून घेता यायची, तीही ६६ अक्षरांत बसवायची. एका १९ वर्षांच्या पोराच्या दगडावरची ओळ झिजलेली होती, गुडघ्यावर बसून बोटाने चाचपत वाचली आणि घसा दाटून आला हो, एवढ्याशा जागेत आईबापाने काय काय बसवायचं? अशा ठिकाणी बहुतेक वेळा भिंतीतल्या छोट्या कप्प्यात नावांचं रजिस्टर ठेवलेलं असतं, ते जरूर उघडा, एखादं नाव शोधून त्याच्यापर्यंत चालत जा. आणि ज्यांच्या दगडावर नावच नाही त्यांच्यापाशीही थांबा प्लीज, त्यांच्या घरचं माणूस शोधत येणार तरी कुठे.