कॅरोल रॉबिन्सनची गोष्ट आपण अर्धीच सांगतो

ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डेम कॅरोल रॉबिन्सन यांच्याबद्दल कुठेही लिहून आलं की त्यात एक वाक्य हमखास असतं: तीन मुलांसाठी आठ वर्षं घरी राहिल्या, परत आल्या आणि ऑक्सफर्डच्या प्रोफेसर झाल्या. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. जिद्द असावी तर अशी! जिद्दीबद्दल माझी तक्रार नाही. पण या बाईंनी जे विज्ञान केलं त्याची मुळं त्या आठ वर्षांच्या बऱ्याच आधीची आहेत आणि तो भाग कुणी फॉरवर्ड करत नाही. कारण त्यात त्याग नाही, अश्रू नाहीत, नुसती एक लॅब टेक्निशियन आहे.

१९५६ चा जन्म, इंग्लंडमधल्या केंटचा. सोळाव्या वर्षी शाळा सोडली आणि सँडविच गावात (हो, गावाचं नावच ते) फायझरच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन म्हणून लागल्या. तिथे त्यांच्या हाती मास स्पेक्ट्रोमीटर आला. मी स्वतः औषध कंपनीच्या क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) एलसी-एमएसवर, म्हणजे आधी कॉलममधून मिश्रण वेगळं करून मग रेणूंचं वजन करणाऱ्या मशीनवर, बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे हे मशीन हाती येणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. सकाळी आल्या आल्या व्हॅक्यूमचं रीडिंग बघायचं. सोर्स, म्हणजे सॅम्पलवर विद्युतभार चढतो तो भाग, उघडून साफ करायचा. सिग्नल पडला तर दोष सॅम्पलचा, कॉलमचा की मशीनचा, हे पंपाच्या आवाजापासून ताडत जायचं. साहेब लोक सॅम्पल देऊन जातात आणि रिपोर्ट न्यायला येतात. मधलं सगळं ऑपरेटरचं राज्य.

नोकरी करता करता आठवड्यातला एक दिवस आणि संध्याकाळी कॉलेज, असं करत त्यांनी पदवी मिळवली. मग स्वान्सीला एमएस्सी, केंब्रिजला पीएचडी, तीही दोन वर्षांत. ब्रिस्टलमध्ये थोडं काम आणि मग ती प्रसिद्ध आठ वर्षं. परतल्या त्या ऑक्सफर्डला ख्रिस डॉब्सन यांच्या गटात, प्रथिनांच्या घड्या कशा पडतात याचा अभ्यास करायला.

आता थोडं कामाबद्दल, नाहीतर माझं म्हणणं हवेत राहील. मास स्पेक्ट्रोमीटर रेणूंचं वजन करतो. रेणूवर विद्युतभार चढवायचा, तो निर्वातात सोडायचा आणि कसा धावतो त्यावरून वस्तुमान काढायचं. अ‍ॅस्पिरिनचं वजन १८० डाल्टन (रेणूंच्या वजनाचं माप). एवढ्याशा रेणूला फार कौतुक लागत नाही. प्रथिनं मात्र हजारो डाल्टनची, तापवून वायू करायला गेलं तर करपून जातात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जॉन फेन यांनी इलेक्ट्रोस्प्रेने हा प्रश्न सोडवला. प्रथिनाचं द्रावण बारीक सुईतून, हजारो व्होल्ट लावून फवारायचं. थेंब वाळत जातात आणि भार चढलेलं प्रथिन तेवढं उरतं. २००२ साली फेन यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

पण शरीरात प्रथिनं सहसा एकेकटी काम करत नाहीत. ती एकमेकांना धरून, टोळीने काम करतात. आणि आमच्या रोजच्या पद्धतीत सॅम्पलमध्ये फॉर्मिक अ‍ॅसिड पडतं, अ‍ॅसिटोनायट्राइल पडतं. सिग्नल झकास येतो, टोळी मात्र फुटते. पाण्याबाहेर, निर्वातात ही टोळी एकत्र राहील यावर तेव्हा फार थोड्यांचा विश्वास होता.

रॉबिन्सन आणि त्या काळातल्या आणखी काही संशोधकांनी तेच करून दाखवलं. अ‍ॅसिडऐवजी अमोनियम अ‍ॅसिटेट घेतलं. त्याचं द्रावण अ‍ॅसिडसारखं आंबट नसतं आणि शेवटी ते वाफ होऊन उडूनही जातं. दुसरी युक्ती मला जास्त आवडते. मशीनच्या सुरुवातीच्या टप्प्यांत मुद्दाम दाब वाढवायचा, म्हणजे चक्क व्हॅक्यूम बिघडवायचा! जड आयन (भार चढलेली प्रथिनं) गॅसच्या रेणूंवर हलके हलके आपटत थंडावतात आणि न फुटता पुढे सरकतात. क्यूसीतल्या कुणालाही विचारा, व्हॅक्यूम मुद्दाम बिघडवायचा म्हटलं तर अंगावर काटा येतो. ज्याने मशीन खोलून परत जोडलेलं असतं, त्यालाच ते कुठवर ताणता येईल याचा अंदाज असतो. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीत आहे.

मग ग्रोईएल नावाचं चौदा साखळ्यांचं, सुमारे आठ लाख डाल्टनचं प्रथिन मशीनमध्ये न फुटता अख्खं उडालं. रायबोसोम, म्हणजे पेशीतला प्रथिनं बनवणारा कारखाना, तर वीस लाखांच्याही पुढचा, तोही उडाला. सगळ्यात अवघड होती पेशीपटलातली प्रथिनं. ती पाण्यात राहत नाहीत, डिटर्जंटमध्ये ठेवावी लागतात आणि मास स्पेकवाल्याच्या दृष्टीने डिटर्जंट म्हणजे घाण. सोर्सपासून डिटेक्टरपर्यंत सगळं लडबडतं. २००८ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की डिटर्जंट आधी काढूच नका. नारळ सोडणासकट पाठवतात तसं सगळं गाठोडं आत जाऊ द्या आणि आत पोचल्यावर गॅसच्या टकरांनी वरचं सोला. आतलं प्रथिन शाबूत! त्याला कुठलं लिपिड (स्निग्ध रेणू) चिकटलंय, औषध बसलंय की नाही, हे वजनातल्या फरकावरून कळतं. बऱ्याच औषधांचं लक्ष्य हीच प्रथिनं असतात, त्यामुळे २०१६ साली यातून ऑक्सफर्डमध्ये ओमास ही औषधं शोधणारी कंपनी निघाली यात नवल नाही.

२००१ मध्ये त्या केंब्रिजमध्ये रसायनशास्त्राच्या पहिल्या महिला प्रोफेसर झाल्या, २००९ मध्ये ऑक्सफर्डमध्येही पहिल्याच. (आपल्या कमला सोहोनींनी केंब्रिजची पीएचडी मिळवली ती १९३९ साली, सायटोक्रोम सी या प्रथिनावरच्या कामासाठी. तिथून रसायनशास्त्राच्या खुर्चीत एक बाई बसवायला त्या विद्यापीठाला आणखी ६२ वर्षं लागली. बोलायचं काम नाही.)

आपल्याकडे करिअरमधल्या खंडाबद्दल निदान बोललं तरी जातं. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची (डीएसटी) महिला शास्त्रज्ञ योजना २००२-०३ मध्ये सुरू झाली. ती पुरेशी आहे असं मी म्हणत नाही, पण दार आहे. टेक्निशियनला कुठलं दार आहे? दहावी-बारावीला घसरलेला, डिप्लोमा करून लॅबमध्ये लागलेला पोरगा कायम 'मशीनवरचा' राहतो. पेपरवर त्याचं नाव नसतं, आलंच तर शेवटी आभारात. पुढे शिकायचं म्हटलं की नोकरी सोड म्हणतात.

सगळ्याच ऑपरेटरांमध्ये रॉबिन्सन दडलेली असते असला भाबडेपणा माझ्यात नाही. आमच्या शिफ्टमधले निम्मे लोक घड्याळाकडे बघून काम करायचे आणि त्या पगारात ते रास्तच होतं. पण एक डिप्लोमावाला होता. मशीनच्या आलेखातल्या एका अनोळखी पीकवरून (टोकावरून) मीटिंगमध्ये अशुद्धी, अशुद्धी म्हणून घोळ चालला होता. याने मागून सांगितलं, मुख्य पीकच्या २२ डाल्टन पुढे आहे, सोडियम चिकटलाय, काचेची बाटली बदलून बघा. बाटली बदलली, पीक गेला. त्याला बीएस्सी करायचं होतं. आठवड्यातून एक दिवस त्याला कॉलेजला सोडावं, बाकीचे तास तो भरून काढेल, असं मी वर लिहून दिलं. उत्तर एका ओळीचं आलं: मग त्या दिवशीची बॅच कोण रिलीज करणार?