अपडेट चालू असताना लाईट गेली, उबुंटू अडकलं: औशाच्या दादांच्या रिव्ह्यूला उत्तर

दादा, नमस्कार. तुम्ही दोन स्टार देऊन लिहिलंय की आम्ही उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) टाकून दिलेला झेरॉक्स सेंटरचा कॉम्प्युटर महिन्यातच बंद पडला. अपडेट चालू असताना लाईट गेली, तेव्हापासून ‘कर्नल पॅनिक’ (सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, अडकल्याची एरर) येतंय. जुन्या मराठी फाईलीत इंग्रजी अक्षरं दिसतात. आणि कुणीतरी फॉरमॅट मारायला सांगितलंय.

फॉरमॅट अजिबात मारू नका. सहसा या एररमध्ये डेटा जागेवरच असतो.

नवीन कर्नल बसताना त्याची फाईल आधी उतरते, सोबतची ‘इनिटरामएफएस’ (चालू होताना डिस्क शोधून देणारी फाईल) नंतर तयार होते, आणि जुन्या हार्डडिस्कवर तिला बराच वेळ लागतो. नेमकी तेव्हा लाईट गेली तर कर्नल चालू होतो, पण त्याला डिस्क सापडत नाही. जुना कर्नल मात्र शाबूत असतो, त्यावरनंच मशीन उठवायचं.

चालू करताच एस्केप एकदाच दाबा (जुनं बायॉस, म्हणजे मशीन चालू करणारा जुन्या पद्धतीचा प्रोग्राम, असेल तर शिफ्ट धरून ठेवा). ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबुंटू’मध्ये जा आणि खालचा, कमी नंबरचा कर्नल निवडा, ‘रिकव्हरी मोड’ लिहिलेला नको. डेस्कटॉप आला की कंट्रोल, ऑल्ट, टी दाबून टर्मिनल (कमांड टाईप करायची खिडकी) उघडा आणि टाईप करा: ‘sudo dpkg --configure -a’. पासवर्ड टाकताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही. कीबोर्ड बिघडलेला नसतो, टाकत राहा आणि एंटर मारा. मग ‘sudo apt --fix-broken install’, शेवटी ‘sudo update-initramfs -u -k all’. डिस्क भरल्याची एरर आली तर आधी ‘sudo apt autoremove --purge’.

अपडेटला कुलूप लागल्याची एरर आली की व्हिडिओ बघून ‘लॉक’ फाईल डिलीट करणार होतात म्हणे. तसं करू नका. कुलूप त्या फाईलमुळं लागत नाही, मागं चालू असलेल्या अपडेटनं धरलेलं असतं. ती उडवली तर दोन अपडेट एकाच वेळी बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या एकाच यादीत लिहितात आणि मग खरंच सगळं बिघडतं. थोडा वेळ थांबा, कुलूप आपोआप सुटतं.

मराठी फाईली श्रीलिपीच्या (मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर) आहेत. त्यांच्या आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात, मराठी दाखवतो तो फॉन्ट. तो फॉन्ट नसलेल्या विंडोजवरही असंच दिसेल. तुमच्याकडं विकत घेतलेला फॉन्ट आहे, त्यावर डबल क्लिक करून ‘इन्स्टॉल’ करा. रोज लागणारे अर्जांचे नमुने तेवढे युनिकोडमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसणारी पद्धत) करून घ्या, बाकीचे राहू द्या.

आता आमची चूक. तुमच्याकडं यूपीएस आहे का, हे आम्ही विचारायला पाहिजे होतं. आपल्या भागात लाईटचा भरवसा नाही, आणि आपोआप बसणारी अपडेट आम्ही तशीच चालू ठेवून मशीन दिलं. त्याबद्दल माफी मागतो. ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’मध्ये सिक्युरिटी अपडेटपुढं ‘डिस्प्ले इमिजिएटली’ निवडा. अपडेट कायमची बंद करू नका, लाईट टिकून असेल अशा वेळी स्वतः बसवा. 600 व्हीएचा यूपीएस घेतलात तर निदान मशीन नीट बंद करण्याइतका वेळ मिळतो.

हे जमलं नाही तर लातूरला दुकानात या, पैसे घेणार नाही. फक्त सीपीयू आणा, मॉनिटर नको. श्रीलिपीची एखादी फाईल पेनड्राईव्हवर असू द्या, तुमच्यासमोरच युनिकोड करून दाखवतो.