पापण्यासुद्धा कुणीतरी काढलेल्या असतात

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की कार्टून ही मुलांची निरागस करमणूक, तिच्यात स्त्रीत्व-पुरुषत्व, समलैंगिकता हे विषय मोठ्यांनी मुद्दाम घुसवले. शिवाय, खऱ्या माणसांचं दुःख सांगायचं तर खरी माणसं दाखवा, चित्रं कशाला?

‘घुसवले’ या शब्दापाशी मी अडले. कॅमेऱ्यापुढे वारा सुटला की झाडाचं पान आपोआप हलतं. ॲनिमेशनमध्ये आपोआप काहीच होत नाही, पानही कुणीतरी हलवावं लागतं. 1928 साली पडद्यावर आलेल्या मिकी आणि मिनीचे देह बघा. डोकं, कान, पोट सगळं त्याच गोलांचं. मिनी ‘मुलगी’ ठरते ती पापण्या, स्कर्ट आणि उंच टाचांमुळे, आणि हे सगळं कुणीतरी ठरवून काढलेलं. म्हणजे लिंगभाव कार्टूनमध्ये सुरुवातीपासून आहेच. सवयीचा होता म्हणून खुपला नाही, इतकंच. जे रेघांनी घडवलं, ते वेगळ्या रेघांनी तपासूनही बघता येतं.

आणि मोठ्यांनी मुद्दाम केलेल्या गोष्टींबद्दल बोलायचं, तर पुसून टाकणंही त्यात येतं. ‘सेलर मून’ या जपानी कार्टून मालिकेतल्या युरेनस आणि नेपच्यून या दोन नायिका एकमेकींच्या प्रेमात आहेत. अमेरिकेतल्या इंग्रजी आवृत्तीत त्यांना नात्यातल्या बहिणी करून टाकलं. संवाद बदलले, पण दोघींच्या नजरा चित्रातच होत्या, त्या कशा बदलणार?

‘चित्रं कशाला’ याचं उत्तर मला ‘फ्ली’ या 2021 च्या डॅनिश माहितीपटात सापडलं. अफगाणिस्तानातून लहानपणी निसटलेला एक समलिंगी पुरुष आपल्या दिग्दर्शक मित्राला आयुष्य सांगतो. नाव बदललेलं, चेहरा रेखाटलेला. खरा चेहरा दाखवायचा असता तर तो बोललाच नसता. जिथे आठवण सहन होत नाही तिथे चित्रातले रंग जातात, माणसं कोळशाच्या फटकाऱ्यांसारखी धूसर होतात. भीतीत माणसाला जेवढं दिसतं, तेवढंच आपल्याला दिसतं. कुठला कॅमेरा हे टिपणार होता?

तुमचा एक मुद्दा मात्र मनापासून मान्य. गर्दीत एक समलिंगी पात्र उभं करायचं, त्याला एक वाक्य द्यायचं आणि कर्तव्य संपलं म्हणायचं, हे मलाही संतापजनक वाटतं. त्या पात्राला हसणं नाही, हट्ट नाही, गोष्ट नाही.

राहिली मुलं. ‘फ्ली’ लहानांसाठी नाहीच. पण 2017 चा ‘इन अ हार्टबीट’ हा विद्यार्थ्यांनी केलेला चार मिनिटांचा लघुपट आहे, त्यात एकही संवाद नाही. एका मुलाचं हृदय छातीतून उडी मारून दुसऱ्या मुलाच्या मागे धावतं, आणि तो बिचारा ते पकडायला. लोक रोखून बघू लागतात तेव्हा त्या हृदयाचे दोन तुकडे होतात. हा लघुपट आधी एकट्याने बघा, मग वाटलं तर मुलांबरोबर. बघून झाल्यावर काय वाटलं ते मला नक्की लिहा, पटलं नाही तरीही.